राघो, गाडीत आवाज होता

राघो,

तुझ्या आजारपणात मी चार वेळा वैशाखऱ्याला आलो आणि चारही वेळा भलतंच काहीतरी बोलून परत गेलो. पहिल्या खेपेला मोसंबी आणली आणि मोसंबीबद्दलच बोललो. दुसऱ्या खेपेला काविळीवरचं वैद्याचं औषध घेऊन आलो. तिसऱ्या खेपेला तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, तेव्हा मी भाताच्या लावणीबद्दल बोललो. मला लावणीतलं काय कळतं? चौथ्या खेपेला तूच विचारलंस, "मिस्त्री, त्या खर्डीवाल्या गाडीचा काय झाला?" मी म्हणालो, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्याची पिन झिजली होती, बदलली, आवाज गेला. तुझं समाधान झालं, तू मान हलवलीस. माझ्या अगदी ओठांशी आलं होतं. पण तुझी बायको मैना पायाशी बसली होती, तुझा बाप काठी घेऊन दारात बसला होता, आणि मी उठलो. सोमवारी येतो म्हणालो. सोमवारी आलो तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं.

खांदा द्यायला मी पुढं झालो तेव्हा तुझ्या वस्तीतली माणसं जरा थबकली. वस्तीबाहेरच्या कुणी तुमच्यातल्या माणसाला खांदा दिल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. मग कुणीतरी सरकून जागा करून दिली. त्यांना वाटलं, मिस्त्रीचा याच्यावर जीव होता. जीव होता, ते खोटं नाही. पण ते पुरतं खरंही नाही, आणि उरलेलं खरं तुला ठाऊक होतं की नव्हतं हे आता मला कधीच कळणार नाही.

तू पहिल्यांदा माझ्याकडं आलास तेव्हा मी शहापुरात आग्रा रोडला नुकतंच गॅरेज टाकलं होतं. गॅरेज कसलं, चार लाकडी खांब आणि वर पत्रे. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं. तू जंगलाचा ठेका घेतलेल्या शेठची गाडी चालवायचास, लढाईतून उरलेली जुनी लॉरी. वैशाखऱ्याकडच्या जंगलातून लाकूड आणि कोळसा भरून मुरबाडवरून शहापूरला आणायचास. तुझ्या वस्तीत कुणाकडं जमिनीचा तुकडा नव्हता. दिवाळी झाली की घरं बंद करून सगळी वीटभट्टीवर जायची. त्यांच्यातला तू पहिला, ज्याच्या हातात गाडी आली. समोरच्या हॉटेलात तुझा कप वेगळा असायचा, बाहेरच्या खिळ्याला अडकवलेला. चहा पिऊन झाला की तू तो स्वतः विसळून परत अडकवायचास. मी आत बाकावर बसून प्यायचो. आपण दोघं एकाच वयाचे. तू मला 'तुमी' म्हणायचास आणि मी तुला 'तू'. यात खटकण्यासारखं काही आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

एक दिवस तू म्हणालास, गाडीच्या पुढून आवाज येतो, डाव्या अंगानं, ठक्क करून. मी विचारलं, केव्हा येतो?  तू विचार करून सांगितलंस: गाडी भरलेली असली, उतार असला आणि ब्रेक मारला की एकदाच येतो. ब्रेक सोडला की परत एकदा, बारीक. रिकाम्या गाडीत नाय येत.

आज कुणी इतकं नेमकं सांगितलं तर मी त्याचे हात धरीन. ट्रकच्या पुढच्या बाजूला आवाज करणाऱ्या दहा गोष्टी असतात, आणि त्यातली कुठली हे शोधताना मिस्त्रीचा निम्मा दिवस वाया जातो. तू तर निदानच माझ्या हातात आणून ठेवलं होतंस.

मी काय केलं ते तुझ्यासमोरच केलं. तरी मला ते पुन्हा क्रमानं सांगू दे. गाडी जॅकवर उचलली. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, ढिलं नव्हतं. पाट्यांच्या टोकांच्या पिनांना पहार लावून पाहिली, त्या ठीक होत्या. ग्रीस भरलं. मग पाट्यांचा जुडगा ज्यांनी खालच्या आडव्या दांड्याला आवळलेला असतो, त्या यू-बोल्टांकडं वळलो. डाव्या बाजूला त्यांचे चार नट. तीन नटांना पाना लावला, तिन्ही घट्ट. चौथा आतल्या अंगाला होता, चिखल आणि ग्रीसच्या थराखाली. पाना नीट बसेना, हात पोचेना. तीन घट्ट आहेत तर चौथाही असणार, असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो. रिकामी गाडी आग्रा रोडला फिरवून आणली. आवाज नाही.

"भरून बघा ना, मिस्त्री," तू म्हणालास. "लाकडं टाकून बघा."

मी हसलो. आवाज तुझ्या कानात आहे, गाडीत नाही, असं म्हणालो. हॉटेलात बसलेले दोघं-तिघंही हसले. संध्याकाळी शेठनं विचारलं तेव्हा त्यालाही तेच सांगितलं, गाडीत काही नाही.

तुझ्या जागी कल्याणचा कुणी जुना ड्रायव्हर असता, आत बाकावर माझ्या शेजारी बसून चहा पिणारा, तर मी लाकडं भरून पाहिलं असतं. हे स्वतःशी कबूल करायला मला नऊ वर्षं लागली.

तिसऱ्या दिवशी शेठनं गाडी लाकडाला नाही, माणसांना धाडली. दिवाळी झाली होती. तुझ्याच वस्तीतली माणसं शहापूरच्या खालच्या अंगाला वीटभट्टीवर जायची होती. मडकी, दळायची जाती, अंथरुणं, कोंबड्या, सगळं गाडीत चढलं. तुझा बाप हरी मागं बसला होता, शेठ तुझ्या शेजारी. वस्तीपुढच्या उताराला तू ब्रेक मारलास आणि तो आवाज आला. तू गाडी कडेला घेतलीस, खाली उतरलास आणि सगळ्यांना उतरायला सांगितलंस. हे मी पुढं अनेकांच्या तोंडून ऐकलं, तुझ्या तोंडून कधीच नाही. शेठ म्हणाला, मिस्त्रीनं गाडी पाहिलीय. तू म्हणालास, मिस्त्रीनं रिकामी पाहिली. मग मागं जाऊन तू बापाला हात दिलास. तो उतरला नाही. भट्टीच्या मुकादमासमोर, सगळ्या भावकीसमोर पोराचं ऐकून खाली उतरायचं, तेही शहापूरच्या मिस्त्रीनं गाडी चांगली म्हटल्यावर, हे त्याला कमीपणाचं वाटलं असणार. शेठनं तुझ्याकडून किल्ली काढून घेतली. मुरबाडहून दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत माणसं उन्हात गाडीतच बसून राहिली आणि तू रस्त्याच्या कडेला उभा राहिलास. गाडी हलली तेव्हा मागून कुणीतरी तुला भित्रा म्हणालं.

मुरबाड सोडल्यावर नदीकडच्या उतारावर समोर बैलगाडी आली. ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि डावं चाक जागचं मागं सरकलं. गाडी आपोआप डावीकडं ओढली गेली, बांध उतरली आणि कापणी झालेल्या खाचरात आडवी झाली. कुणी दगावलं नाही. पण एक जातं तुझ्या बापाच्या गुडघ्यावर पडलं.

गाडी उभी करायला मला बोलावलं. मी सरपटत खाली गेलो. चौथा नट जागेवर नव्हता. तो आधीच सैल होता, आणि सैल होत होत वाटेत कुठंतरी गळून पडला होता. त्यामुळं पाटे आणि दांडा जागेवर धरणाऱ्या मधल्या बोल्टावर सगळा भार आला आणि तो तुटला. तुटलेल्या तोंडाची अर्धी बाजू गंजून काळी पडली होती आणि अर्धी ताजी, चकचकीत होती. म्हणजे कित्येक दिवस तो अर्धा तुटलेलाच चालत होता. भरल्या गाडीत उतारावर ब्रेक मारला की दांडा पाट्यांखाली थोडा सरकायचा आणि ठक्क करायचा. ब्रेक सोडला की परत जागेवर यायचा. तू सांगितलंस तसंच, अगदी शब्दाला शब्द. गाडी जॅकवर घेऊन, चाक अधांतरी लोंबकळत ठेवून, ते सरकणं मला दिसणारच नव्हतं.

मी बाहेर आलो तेव्हा शेठ उभा होता आणि पंचनामा लिहायला आलेला हवालदार उभा होता. हवालदारानं विचारलं, हा बोल्ट आधी तुटला की गाडी पडल्यावर?

मी म्हणालो, "पडल्यावर."

त्यानं तसं लिहून घेतलं. तो ड्रायव्हर नवखा ठरला, त्याचं काम गेलं. तो नंतर कुठं गेला ठाऊक नाही. त्याला सांगायचं अजून राहिलंच आहे. आणि तुझ्या वस्तीनं सरळ हिशेब मांडला. गाडीत दोष नव्हता, दोष ड्रायव्हरचा. म्हणजे राघो गाडी चालवत असता तर काही झालं नसतं. राघो उगाच भ्याला आणि आपल्या माणसांना परक्याच्या हाती सोडून गेला. तुझ्या बापाचा पाय वाकडाच बसला, आणि त्या दिवसापासून तो तुझ्याशी पाणी मागण्यापुरतं बोलू लागला.

का खोटं बोललो? गॅरेज नवं होतं, शेठच्या तिन्ही गाड्या माझ्याकडं यायच्या, आणि रडणाऱ्या, रक्ताळलेल्या माणसांसमोर 'चूक माझी' म्हणायचं होतं. कारणं सांगावी तेवढी आहेत. सगळी मिळून एकच, की मी भ्यालो. आणि भित्रा म्हणून नाव मात्र तुझं पडलं.

वर्षभर तू जंगलात लाकूड तोडलंस. मग मी तुला निरोप धाडला, गॅरेजवर ये म्हणून. गाड्या चालवून बघायला माणूस हवाय, असं कारण दिलं. लोक म्हणाले, मिस्त्रीनं उपकार केले. तूही तसंच म्हणायचास, आणि ते ऐकताना मी पान्यांची पेटी आवरायला लागायचो.

पण राघो, ती आठ वर्षं चांगली गेली. गॅरेजची रीतच तू बदललीस. गाडी भरलेली असेल तर भरलेलीच बघायची, रिकामी आली तर वाळूची पोती टाकायची. गाडी उताराला लावायची, मी आत बसून ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, आणि तू खाली पाट्यावर तळवा ठेवून बसायचास. "हा नाय. हा पण नाय. थांबा, परत दाबा. हाच." कधी गाडीबरोबर चालत जायचास, चाकाकडं न बघता जमिनीकडं बघत. मी म्हणायचो कान महत्त्वाचा, तू म्हणायचास हात. कान फसतो, डावीकडचा आवाज उजवीकडं सांगतो. लोखंड हाताला फसवत नाय. या वादाचा निकाल कधी लागला नाही. नाशिककडून आलेला तो ड्रायव्हर आठवतो? पुढचं सगळं खिळखिळं झालंय म्हणून तीन गावच्या मिस्त्रींकडं फिरून आला होता. तू त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्यास, गाडी थांबवलीस आणि सीटखाली हात घालून नारळ काढलास. त्याच्या बायकोनं देवीसाठी दिलेला. तुला इतकं हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसरा एक वाद मात्र निकालात निघाला, तो तूच जिंकलास. शोधून शोधून आवाज सापडला नाही की मी गिऱ्हाइकाला सांगायचो, काही नाही, जा. तू मला बाजूला घेऊन म्हणायचास, "नाय असं नका सांगू. सापडला नाय असं सांगा. दोन येगळ्या गोष्टी हायेत." मी म्हणायचो, असं सांगितलं तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. तू म्हणायचास, जाऊ दे ना, जिवंत जाईल. तुला सगळं ठाऊक असल्यामुळं तू हे म्हणायचास का? मी तुझ्या चेहऱ्याकडं निरखून बघायचो. काही समजायचं नाही. तुझा तो स्वभावच होता असंही असेल.

हॉटेलातला तुझा कप शेवटपर्यंत बाहेरच राहिला. चौथ्या-पाचव्या वर्षी मी माझा चहा घेऊन बाहेर तुझ्याजवळ येऊन उभा राहायला लागलो. तुला आत बोलावलं नाही. स्वतः बाहेर आलो, आणि तेवढ्यावर स्वतःला मोठ्या मनाचा समजलो.  चहा थंड होतो, प्या, म्हणालास.

एक दिवस सगळ्यांत जास्त आठवतो. एका गाडीचे पाटे बदलून आपण ती वैशाखऱ्याच्या रस्त्याला तपासायला नेली होती. मुरबाडचा बाजार करून तुझा बाप पायी परत चालला होता, एका हातात काठी, खांद्यावर गाठोडं. प्रत्येक पावलाला तो डावीकडं झुकत होता. तू गाडी त्याच्याशेजारी थांबवलीस. म्हणालास, "बाबा, चढ." त्यानं गाडीकडं पाहिलं नाही. पुढं चालत राहिला. तू गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकलीस आणि त्याच्या मागून त्याच्या चालीनं चालवत राहिलास. हॉर्न नाही, हाक नाही. बराच वेळ तसंच चाललं. मग तो रस्ता सोडून बांधावरून आडवाटेनं गेला. तू गाडी थांबवलीस आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिलास.

तेव्हा बोलायला हवं होतं. त्या गाडीत आपण दोघंच होतो. तू ऐकलं असतंस, गाडीतून उतरून धावत जाऊन बापाला सांगितलं असतंस. मी म्हणालो, क्लच घसरतोय वाटतं. तू म्हणालास, "नाय, क्लच बरा हाय," आणि गाडी वळवलीस.

काल तुझे दिवस झाले. आज सकाळी मी पुन्हा वस्तीवर आलो. आधी मैनाला सांगावं असं मनात होतं. तिनं ऐकून घेतलं, पण पुरतं नाही. मधेच हात वर करून म्हणाली, "माज्याजवळ नका बोलू. त्यांच्याजवळ बोला." आणि दाराकडं बोट केलं. मग हळू आवाजात म्हणाली, तुला नेल्यापासून म्हातारा रडला नाही, एकदाही नाही.

मी हरीबाबांसमोर जमिनीवर बसलो. त्यांना बाबा म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ. सगळं पहिल्यापासून सांगितलं, जॅक, पिना, तीन नट, चौथा नट, रिकामी फेरी, गंजलेला बोल्ट, हवालदार.  माझं संपल्यावर ते काठीनं जमीन उकरत बसले.

"चार नट व्हते?"

"चार."

"तुमी तीन पाह्यले."

"तीन."

"राघो बोलला व्हता, भरून बघा?"

"बोलला होता. मी हसलो."

 शेजारच्या घरात कुणीतरी भात सडत होतं, ते थांबलं. मग हरीबाबा म्हणाले, "पोरानं हात दिल्ता मला. मी तुमच्या शब्दावर बसून राह्यलो." पुढं विचारलं, "तवाच का नाय सांगितलात?"

मी म्हणालो, "भ्यालो."

त्यांनी मान हलवली नाही, शिवी दिली नाही. मैनाला सांगून वस्तीतली माणसं बोलावून घेतली. त्या दिवशी गाडीत असलेली पाच-सहा जणं आली. बाकीची जी आली, त्यांनी ती गोष्ट नुसती ऐकलेली होती. हरीबाबा मला म्हणाले, उभं राहून सांगा. मी उभा राहिलो. गाडीत आवाज होता, राघोचं खरं होतं, मी नीट पाहिलं नाही आणि नंतर खोटं बोललो, एवढंच मला नीट बोलता आलं. बाकीचं अडखळत बोललो. एका बाईनं कपाळावरचा जुना व्रण दाखवला आणि पदर पुन्हा ओढून घेतला. एकजण माझ्या अंगाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो तसाच निघून गेला. मग एकेक करून सगळे गेले.

हरीबाबा उठले. मी हात द्यायला गेलो, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीला धरत आत गेले. तुझी वाकळ अजून घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली आहे, तिथं जाऊन बसले असावेत.  मग त्यांनी तुला हाक मारली, राघो म्हणून नाही, लहानपणीच्या कुठल्याशा नावानं, जे मी आठ वर्षांत तुझ्या तोंडूनही ऐकलं नव्हतं. आणि ते रडायला लागले. मैना आत धावली.

मी बाहेर अंगणात बसून राहिलो. मला कुणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. तुझा बाप तुला हाका मारून रडत होता, राघो, आणि मधून मधून तुझी माफी मागत होता. हे सगळं तुझ्या कानावर पडायला हवं होतं. त्याऐवजी ते मी ऐकत बसलो होतो.